बॉईज इकडे, गर्ल्स तिकडे

लग्नाच्या आहेरात पुरुषाला टॉवेल-टोपी आणि बाईला ब्लाउजपीस द्यायचा, हे कुणी ठरवलं याचा शोध अजून लागलेला नाही. ज्यानं ठरवलं त्याला पुरुषांची किंवा बायकांची फारशी माहिती नसावी. कारण आहेरातली टोपी घालून मांडवाबाहेर पडलेला पुरुष मी पाहिलेला नाही, आणि आहेरातल्या पीसचा ब्लाउज शिवलेली बाई आमच्या नात्यात तरी नाही. त्या पीसचा रंग जगातल्या कुठल्याच साडीला चालत नाही, म्हणून तो अमर असतो. आमच्या आत्यानं सोलापूरच्या लग्नात दिलेला एक मोरपंखी पीस साताऱ्याची मुंज, कोल्हापूरचं डोहाळजेवण आणि कुठलंसं बारसं करून पुन्हा आत्याच्याच ओटीत पडला. आत्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "रंग मात्र छान निवडलाय हो."

संक्रांतीच्या वाणाची गोष्ट तीच. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना घरोघर काय काय मिळतं, तर प्लास्टिकची चाळणी, साबणाची डबी, लिंबू पिळायचं यंत्र, फार झालं तर एखादी स्टीलची वाटी. वाण म्हणून कुणी पक्कड दिल्याचं ऐकिवात नाही. वास्तविक फेब्रुवारी उजाडेपर्यंत कुठल्याही घरात सतरा चाळण्या जमलेल्या असतात आणि मोरीतला नळ मात्र गळत असतो.

तेव्हा समोरचा माणूस बाई आहे की पुरुष एवढंच पाहून भेटवस्तू काढायची, हे शिकवायला आपल्याकडे कुठल्या कंपनीनं येण्याची गरज नव्हती. कंपन्यांनी त्या जुन्या रिवाजाला फक्त चेन लावली, पट्टे लावले आणि त्याला 'वेलकम किट' असं नाव दिलं.

हा किट आमच्या घरी आला तो जोडीनं. माझ्या बहिणीला जुळी आहेत, एक मुलगी, एक मुलगा. दोघं एकाच वर्षी बारावी झाली, दोघांनी सीईटी दिली आणि कॅप राउंडच्या चक्रातून फिरत फिरत दोघं एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात पडली. भाचीला मेकॅनिकल मिळालं, भाच्याला कॉम्प्युटर. इंजिनिअरिंगचा प्रवेश म्हणजे काय हे ज्यांच्या घरात होऊन गेलंय त्यांना सांगायला नको. डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती. सेतू केंद्रातला माणूस मला नावानं ओळखू लागला होता. या पोराला किंवा पोरीला प्रवेश द्यावा की नाही हे ठरवण्यापूर्वी शासन तिच्या आजोबांपर्यंत चौकशी करतं. तिला भेट काय द्यावी हे ठरवायला मात्र कंपनीला फॉर्ममधला 'स्त्री की पुरुष' हा एकच रकाना पुरतो.

आता त्या रकान्याशी माझं वैर नाही. महाराष्ट्रात या प्रवेशांत मुलींसाठी ३० टक्के जागा असतात, त्या त्याच रकान्यामुळे मिळतात. तिथं तो रकाना मुलीला आत घेतो. पिशवीच्या टेबलावर तोच रकाना तिला बाजूला काढतो, एवढाच फरक आहे.

नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत कसं करावं यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली. त्यात मानवी मूल्यं आहेत, व्यायाम आहे, कला आहे, परिसराची ओळख आहे. आमच्या कॉलेजानं त्यात प्रायोजकाची भर घातली. बहिणीला रजा नव्हती, म्हणून दीक्षा घेणाऱ्यांबरोबर मामा म्हणून मी गेलो. सभागृहाच्या दाराशी दोन टेबलं मांडली होती, एकावर गुलाबी कापड, दुसऱ्यावर काळं. मधोमध कंपनीचा टी-शर्ट घातलेला एक तरुण हात पसरून ओरडत होता, "बॉईज इकडे, गर्ल्स तिकडे!" हे वाक्य मी याआधी प्राथमिक शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ऐकलं होतं. तेव्हा ते मराठीत होतं, एवढीच काय ती प्रगती.

घरी आल्यावर दोन्ही पिशव्या सतरंजीवर ओतल्या. गुलाबी पिशवीतून काजळ निघालं, लिप बाम निघाला, फेसवॉशच्या पुड्या, एक हातात मावणारा आरसा, पार्लरचं कूपन, फुलपाखराच्या मुखपृष्ठाची वही आणि सॅनिटरी नॅपकिनचं छोटं पाकीट. शिवाय एक पुस्तिका: 'कॅम्पसवर दिवसभर फ्रेश कशा दिसाल?' काळ्या पिशवीतून रेझर निघाला, डिओडरंट, प्रोटीन पावडरची पुडी, जिमचं कूपन, बाईकच्या सर्व्हिसिंगवर सवलत आणि टोकं बदलता येतील असा एक फार देखणा स्क्रू-ड्रायव्हर. शिवाय एक पुस्तिका: 'पहिला स्टार्टअप कसा उभाराल?' म्हणजे पुढची चार वर्षं त्यानं काहीतरी उभारायचं आणि तिनं ते होईपर्यंत फ्रेश दिसत राहायचं.

भाचीनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला, त्याची टोकं काढून घालून पाहिली आणि विचारलं, "मामा, मेकॅनिकलला कोण आहे?"

"तू."

"मग हा कुणाला मिळाला?"

"सॉफ्टवेअरवाल्याला."

ती काही बोलली नाही. आमच्या घरात मिक्सरचं बटण, पंख्याचा रेग्युलेटर आणि आजीच्या श्रवणयंत्राची बॅटरी हे सगळं खातं तिच्याकडे आहे, हे कंपनीला माहीत असण्याचं कारण नव्हतं. कंपनीनं विचारलंच नव्हतं.

भाच्याची अवस्था याहून केविलवाणी होती. त्याच्या हनुवटीवर अजून दाढीची चाहूलही नाही, त्यामुळे रेझर हा त्याला आगाऊ उचल दिल्यासारखा होता. तो अंगानं काडी आहे, तेव्हा प्रोटीन पावडर हा उघड टोमणाच होता. त्याला खरी गरज होती ती फेसवॉशची, कारण गेलं वर्षभर त्याच्या कपाळावर मुरुमांचं पीक आहे. पण गुलाबी पुडी मागायची कशी? शेवटी जेवणं झाल्यावर दार लोटून भावंडांत करार झाला. चार फेसवॉश आणि लिप बामच्या बदल्यात एक स्क्रू-ड्रायव्हर, वर बाईकची सवलत, कारण घरातली दुचाकीही तीच जास्त चालवते. काजळ आईकडे गेलं, रेझर बाबांकडे. नॅपकिनचं पाकीट तिनं ठेवून घेतलं, आणि ते योग्यच होतं. त्या सबंध पिशवीत तिच्या शरीराचा विचार करून ठेवलेली वस्तू तीच एक होती. बाकीच्या वस्तू तिच्याकडे पाहणाऱ्यांचा विचार करून ठेवलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही स्टॉल होता. भाची सरळ काळ्या टेबलाशी गेली. संवाद मी कानांनी ऐकला आहे.

"दादा, मला हा किट मिळेल का?"

"ताई, हा बॉईजचा आहे."

"हो, पण मला स्क्रू-ड्रायव्हर हवाय."

"तुमच्यात आरसा आहे ना."

"आरशानं स्क्रू निघत नाही."

मुलगा सज्जन होता. तो खरोखर विचारात पडला. मग त्याला तोडगा सुचला. "असं करा ना, भावाला पाठवा."

"भावानं कालच घेतला."

"मग झालं की! घरात आलाच ना एक!"

या 'घरात आलाच ना एक'वर कितीतरी मराठी घरं चाललेली आहेत. आमच्या लहानपणी घरात सायकल एकच होती. ती 'घरातली' सायकल होती, फक्त तिच्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात असे.

दुपारपर्यंत आणखी एक तमाशा झाला. कंपनीनं गुलाबी आणि काळ्या पिशव्या कुठल्या हिशेबानं आणल्या होत्या कोण जाणे, पण मेकॅनिकल आणि सिव्हिलची पोरं लोटली तेव्हा काळ्या संपल्या. गुलाबींचा ढीग तसाच. रांगेत मागे राहिलेल्या पोरांना स्टॉलवाल्यानं त्या देऊ केल्या. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दोघं फोनमध्ये शिरले, एकाला अचानक कुठेतरी काम निघालं. फुकट मिळत असलेली वस्तू मराठी माणूस नाकारतो आहे, हे दृश्य मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. शेवटी एका धाडसी पोरानं पिशवी घेतली, चौफेर पाहिलं आणि शर्टाच्या आत कोंबली. गांजा नेतानाही माणूस याहून निवांत दिसला असता.

तेव्हा हा मुलींपुरताच मामला आहे असं समजू नये. पुरुष हा मठ्ठ, घामट, दणकट आणि यंत्रांचा वेडा प्राणी असतो, हा समजही त्या काळ्या पिशवीत पॅक केलेला असतो. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून जाहिरातींतल्या घातक ठोकळेबाज स्त्री-पुरुष चित्रणावर बंदी आली, आणि त्या नियमाखाली अडकलेल्या पहिल्या दोन जाहिरातींतली एक चीजची होती. त्यात दोन नवे बाप खाण्यात इतके गुंगतात की त्यांची तान्ही बाळं खाद्यपदार्थांच्या फिरत्या पट्ट्यावर बसून निघून जातात. म्हणजे पहिल्याच झटक्यात बदनामीतून सुटका झाली ती बापांची. आपल्याकडेही जाहिरात मानक परिषदेनं जून २०२२ मध्ये अशा चित्रणाबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती या पिशवीपर्यंत अजून पोचलेली दिसत नाहीत.

सगळ्यात बहारीचा कार्यक्रम त्या दिवशी तीन वाजता होता. विषय: 'लिंगभाव समानता'. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात या विषयाला गुण असतात, त्यामुळे व्याख्यान मन लावून आयोजित केलं होतं. वक्त्या चांगल्या बोलल्या. समोर सभागृहात डावीकडे मुली मांडीवर गुलाबी पिशव्या घेऊन बसल्या होत्या, उजवीकडे मुलगे काळ्या घेऊन. कॉलेजच्या छायाचित्रकारानं मागच्या रांगेतून मोठा सुंदर फोटो घेतला. तो फाईलला लागला असेल.

आमचे भावोजी शांत वृत्तीचे आहेत. ते म्हणाले, "धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. फुकट मिळालंय ना? कशाला वाद?"

मी त्यांना दोघांचे फोन दाखवले. गाय धर्माची नव्हतीच. पिशवी देण्याआधी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतला होता: नाव, मोबाईल, शाखा, स्त्री की पुरुष. किंमत तिथंच वसूल झाली होती. त्या रात्रीपासून भाचीच्या फोनवर वजन घटवण्याचे, केस सरळ करण्याचे आणि ब्रायडल मेकअपचे संदेश येऊ लागले. कॉलेजचा दुसरा दिवस, आणि ब्रायडल मेकअप! भाच्याला शैक्षणिक कर्ज, नवी बाईक सुलभ हप्त्यांवर आणि कोडिंगचा कोर्स. दोघं काही मिनिटांच्या अंतरानं जन्मली, एकाच दुधावर वाढली, एकाच क्लासला गेली. तिला आणखी बारीक व्हायचा सल्ला आणि त्याला आणखी मोठं व्हायचा. दोन्ही सल्ले एकाच कंपनीच्या यादीतून निघालेले.

बरं, हा गुलाबी रंग तरी कुठून आला? जून १९१८ मध्ये अमेरिकेतल्या बालकांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकानं दुकानदारांना सल्ला दिला होता की गुलाबी मुलग्यांना द्या, तो जोरकस रंग आहे. निळा नाजूक, तो मुलींना शोभतो. पुढे चक्र उलटं फिरलं आणि गुलाबी मुलींच्या गळ्यात पडला. शंभर वर्षांपूर्वी हा स्टॉल लागला असता तर शर्टात निळी पिशवी कोंबावी लागली असती. आणि आपल्याकडे तर रंगाचा हा वाद नव्हताच. लग्नात नवऱ्याच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधतात, तो तोऱ्यात मिरवतो आणि कुणाला काही वाटत नाही.

रंग नुसता रंग राहिला असता तर मी एवढा लेख लिहिला नसता. पण त्याचे पैसे लागतात. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागानं २०१५ मध्ये स्त्रियांसाठी आणि पुरुषांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सुमारे ८०० वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या. स्त्रियांच्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाल्या. साबण, शाम्पू, रेझर यांत तर १३ टक्के. म्हणजे या फुकटच्या पिशवीत पुढच्या आयुष्यभराची ओढ लावलेली असते: आज गुलाबी पुडी मोफत घे, उद्यापासून तीच जास्त पैसे मोजून घे. बिक कंपनीनं तर बायकांच्या हाताला मानवेल असं पेन काढलं होतं. २०१२ मध्ये ऑनलाइन दुकानात त्याखाली बायकांनी उपरोधाचा असा काही पाऊस पाडला की पेनापेक्षा त्या अभिप्रायांचीच कीर्ती झाली. इतकी शतकं बायका लिहीत आल्या ते बहुधा पुरुषांचं पेन उसनं घेऊन.

सरकारही या बाबतीत कंपन्यांच्या फार पुढे होतं असं नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली आणि काचेच्या बांगड्या करमुक्त होत्या, सॅनिटरी नॅपकिनवर मात्र १२ टक्के कर होता. वर्षभर देशभर आरडाओरडा झाला तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो शून्यावर आला. बाईनं नटावं हे गरजेचं, बाकीचं चैनीचं, असा तो हिशेब होता. या हिशेबापुढे आमची गुलाबी पिशवी पुरोगामी म्हणायची. तिच्यात निदान नॅपकिन फुकट होता.

भाचीनं कंपनीला पत्र लिहिलं. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले. पत्र तीनच मुद्द्यांचं होतं. किट वेगळे का? मेकॅनिकलच्या मुलीला अवजार का नाही? आणि निवडू का देत नाही? उत्तर आलं. मान्य करायला हवं, बरंच लवकर आलं. 'आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. आमच्या पाहणीनुसार बहुसंख्य विद्यार्थिनींना हा किट आवडतो.' ज्यांना दुसरा किट कधी दाखवलाच नाही त्यांनी हा आवडल्याचं सांगितलं होतं. एकच स्थळ दाखवून पसंती विचारायची, तसलाच हा प्रकार. पत्राखाली, गैरसोयीबद्दल दिलगिरी म्हणून, हेअर स्पाचं कूपन जोडलेलं होतं.

यावरून मला १९७४ सालचं एक पोस्टकार्ड आठवलं. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं टाटांच्या टेल्को कंपनीची नोकरीची जाहिरात वाचली. त्यात स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. तिनं थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला. मुलाखतीचं बोलावणं आलं आणि ती टेल्कोत इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली. पुढे तिला देश सुधा मूर्ती म्हणून ओळखू लागला. टेल्कोनं तेव्हा जे केलं ते चूकच होतं, पण ते स्वच्छ छापलं होतं. पोस्टकार्ड लिहायला जागा होती. आता 'अर्ज करू नयेत' असं कुणी छापत नाही. आता दारातच हसून स्वागत करतात आणि हातात आरसा देतात. भांडायचं तरी कुणाशी? त्या टी-शर्टवाल्या पोराशी? तो बिचारा दिवसाच्या मजुरीवर आलेला आणि संध्याकाळी पिशव्यांचा हिशेब देणारा.

केंद्र सरकारच्या पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात उच्च शिक्षण घेणाऱ्या सुमारे ४.३३ कोटी विद्यार्थ्यांत २.०७ कोटी मुली होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला ओळखायला काजळ आणि आरसा पुरतो असं ज्या धंद्याला वाटतं, त्याच्या बुद्धीची मला काळजी वाटते. सद्‌हेतूची नंतर.

यंदा प्रवेश संपले की पुन्हा स्टॉल लागतील. म्हणून कॉलेजांच्या प्राचार्यांना विनंती आहे. दोन टेबलं मांडू देऊ नका, एकच मांडा. वस्तू सुट्या ठेवा आणि माणशी पाच वस्तू ज्याच्या त्याला उचलू द्या. कोण काय घेतंय हे पाहायला कुणाला उभं करू नका, म्हणजे फेसवॉश हवा असलेल्या पोरांची शर्टात कोंबाकोंबी वाचेल. नॅपकिन पिशवीत घालण्याऐवजी मुलींच्या स्वच्छतागृहात ठेवा, आणि पहिल्या आठवड्यापुरते नकोत, चारही वर्षं ठेवा. फॉर्ममध्ये मोबाईल नंबर मागितला तर कंपनीला फाटकापाशीच नमस्कार करा. आणि प्रायोजक एवढ्याने रुसलाच, तर मुलांना चहा आणि वडापाव द्या. तो अजून तरी बॉईज आणि गर्ल्स अशा दोन प्रकारांत निघालेला नाही.